एक ओळ जास्त

१

एक ओळ जास्त होती.

मोराग किल्गूरने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. ओळ जागची हलली नव्हती. डावीकडे नावांचे निरोप घेणाऱ्या लोगन रेडिओने कॉरोनरला, अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, दिलेला कागद होता: ‘माकोहा’ या मासेमारी नावेकडून शेवटच्या फेरीत आलेले सगळे निरोप. उजवीकडे पडद्यावर तिने स्वतः केलेल्या शोधाचं उत्तर होतं. तिची शोधाची रीत जुनी, गोगलगायीच्या चालीची. सकाळी लावून दिलेला शोध आत्ता दुपारी कुठे संपला होता. कार्यालयातली पोरं तिला हसायची. पोलिसातून निवृत्त होऊन ती कॉरोनरसाठी मेलेल्यांच्या संगणकांत डोकं घालू लागली, तेव्हापासून हसायचीच.

दोन्हीकडच्या ओळी सारख्याच होत्या. ‘ब्लफ बंदर सोडलं.’ ‘वारा पश्चिमेचा, कॉड मासा बरा मिळतोय.’ ‘पोरगं दोर नीट गुंडाळत नाही, कुणी घेता का विकत?’ हा नाव चालवणाऱ्या होआनी रेवेतीचा विनोद, सोबतच्या भाच्याला, केपाला उद्देशून.

आणि मग उजवीकडे, फक्त उजवीकडे, पहाटेचा एक निरोप. सगळा मोठ्या अक्षरांत. नावेवरच्या यंत्राचं लाल झाकण उघडून टाइप केलं की ते आपोआप मोठी, कॅपिटल रोमन अक्षरं पाठवतं. आणीबाणीची तीच खूण.

माकोहा. इंजिन बंद. पाणी आत येतंय. रुआपुके बेटाच्या पूर्वेला आहोत. तराफ्यात उतरतोय. दोघंही ठीक. लवकर या.

मोरागने ती हाक पुन्हा एकदा वाचली.

सगळ्या ब्लफला एकच गोष्ट ठाऊक होती: होआनीने हाक मारलीच नाही. हट्टी माणूस, स्वतःच निस्तरीन म्हणाला असेल आणि बहिणीच्या एकुलत्या एक पोराला घेऊन बुडाला. धक्क्यावर हेच, दारूच्या गुत्त्यात हेच. संध्याकाळी नाव परतली नाही तेव्हा बचाववाल्यांनी लोगन रेडिओला विचारलं, आणीबाणीचा काही निरोप आहे का? शोध घेतला गेला. उत्तर आलं, काही नाही. म्हणून बोटी आणि हेलिकॉप्टर पश्चिमेला गेले, होआनीच्या नेहमीच्या जागी. तराफा पूर्वेला सापडला, रुआपुकेच्या वाळूवर, फार उशिरा. आत दोघं होते.

आणि मोरागच्या पिशवीत डॉक्टरांचा अहवाल होता. कॉरोनरने तो अजून कुणालाही दाखवला नव्हता. त्यात दोघं केव्हा गेले ते लिहिलं होतं.

होआनीने हाक मारली होती. ती पोहोचलीही होती. मग त्या संध्याकाळी ती सापडली कशी नाही?

२

लोगन रेडिओ म्हणजे धक्क्यामागची एक पत्र्याची इमारत. वर अँटेना, खाली ओल्या दोरांचा वास. सामुद्रधुनीतल्या शंभर नावा दिवसरात्र निरोप पाठवतात, प्रत्येक निरोपाची एक फाईल होते आणि वर्षानुवर्षांच्या त्या फायली लाखांनी साठलेल्या.

“पुन्हा?” मालक डूगल लोगन दारातच उखडला. “कागद दिला ना तुमच्या साहेबाला?”

“एक सही राहिली म्हण,” मोराग म्हणाली. “हलकं काम आहे. त्या संध्याकाळचं सांग.”

“सांगण्यासारखं काय आहे त्यात? मी फोनवर होतो, बचाववाल्यांशी. लोर्ना यंत्रावर. मी त्या फोनवरच्या माणसाला दोनदा म्हणालो, दम धर बाबा, शोध चालू आहे. मग लोर्नाने कागद आणून दिला. काही नव्हतं. संपलं.”

“दोनदा? मी तर ऐकलं तुमची शोधाची स्क्रिप्ट विजेसारखी आहे.”

“आहेच मुळी. पूर्वी शोध लावायचा आणि घरी जाऊन जेवून यायचं. आमच्या इथल्या सेमिसीने ती तासांवरून मिनिटांवर आणली. पोरगा हुशार, पण तोंडाळ. पहाटेला एकच माणूस का ठेवतोस म्हणून माझ्याशी भांडला, तसा दिला घालवून.” डूगलने खांदे उडवले. “जाताना काही करून ठेवलं असेल तर मला नाही ठाऊक. असं का विचारतेयस? काही सापडलंय?”

“तुला काय सापडायला हवंय?”

तो पाठ फिरवून बाहेर निघून गेला.

लोर्ना बॅक्स्टर मात्र मोरागला पाहताच उठली, खुर्ची पुसून दिली, न विचारता चीजरोल गरम करायला ठेवले. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, डोळ्यांखाली काळं झालेलं. त्या पहाटे टेबलावर तिचीच पाळी होती.

“मी इथेच होते, मोराग. पूर्ण पाळी. किती वेळा सांगितलं पोलिसांना.” तिने ताटली पुसली. “हाक आली असती तर मी सोडली असती का? होआनीची बायको रिपेका माझी शाळेतली मैत्रीण. होआनी माझ्या लग्नात नाचला होता.”

“आणि संध्याकाळी शोध तू घेतलास?”

“बटण दाबलं एवढंच. स्क्रिप्ट-बिप्ट मला काय कळतंय, आम्ही रेडिओची माणसं. सेमिसीने लावून ठेवलंय, नाव टाकायचं आणि दाबायचं. काळजाचं पाणी झालेलं. बसवेना, म्हणून उठले, किटली लावली, डूगलला चहा नेऊन दिला, माझा कप भरून परत आले, तेव्हा कुठे संपला शोध. काही नाही. तो कप तसाच गार झाला.” तिने डोळे टिपले. “रोज जाते रिपेकाकडे. आणखी काय करू शकते मी?”

मोरागने तिच्या हातावर हात ठेवला. बाई तिला आवडली. निघताना तिने त्या संध्याकाळी वापरलेल्या स्क्रिप्टची, यंत्राला द्यायच्या हुकमांच्या यादीची, प्रत मागितली, तीही लोर्नाने लगेच दिली.

मोटारीत बसून मोरागने ती वाचली. नेटकी, आखीवरेखीव, चांगल्या कारागिराच्या हातची. पण अगदी वर, सगळ्यांच्या आधी, एक ओळ होती. ती मोरागने दोनदा वाचली.

३

ती ओळ मोरागला माहीत होती. वेग वाढवायच्या युक्त्यांमध्ये ती सगळ्यात सोपी. यंत्राला एवढंच सांगायचं की जगातल्या भाषांचा विचार करू नकोस, साधी इंग्रजी अक्षरं तेवढी ओळख, बाकीचं सगळं निव्वळ खुणा समज. डोक्यावरचं ओझं उतरलं की यंत्र पळत सुटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरोनरच्या कार्यालयात तिने फायलींची प्रत लावली आणि शोध घेतला. ‘माकोहा’: रोजच्या गप्पा, हाक नाही. ती ओळ काढून घेतला: हाक समोर. ओळ घालून: गायब. काढून: समोर. जादूगाराच्या टोपीतल्या सशासारखी ती हाक दिसत होती आणि नाहीशी होत होती.

कारण होतं नावातल्या एका रेघेत. माओरी ‘माकोहा’तला पहिला ‘आ’ लांब; रोमन लिपीत लिहिताना त्याच्या डोक्यावर आडवी रेघ देतात. साधं लहान ए आणि मोठं ए ही एकाच अक्षराची दोन रूपं, हे यंत्राला ती ओळ घातल्यावरही कळतं. पण रेघवालं लहान अक्षर आणि रेघवालं मोठं अक्षर त्याला दोन अनोळखी खुणा वाटतात, एकमेकांशी नातं नसलेल्या. रोजच्या गप्पा लहान अक्षरांतल्या, त्या सगळ्या सापडायच्या. आणीबाणीची हाक मोठ्या अक्षरांतली. नेमकी तीच सापडायची नाही.

वारा सापडला, कॉड सापडला, पोराच्या दोराची थट्टा सापडली. ‘लवकर या’ तेवढं सापडलं नाही.

हे चुकून झालं होतं की कुणी मुद्दाम केलं होतं?

सेमिसी ताउफा आता इनव्हरकार्गिलच्या एका शाळेत गणित शिकवत होता. मधल्या सुट्टीत, पोरांच्या गलक्यात, मैदानाच्या कडेला मोराग त्याला भेटली. धिप्पाड टोंगन माणूस, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच. स्क्रिप्ट वाचून त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग काळवंडला.

“ही माझी आहे. पण ही वरची ओळ माझी नाही.”

“तसं कुणीही म्हणेल, सेमिसी. डूगलने तुला काढलं होतं. राग होता तुझा.”

“राग? डूगलवर होता. होआनीवर नव्हता!” दोन पोरं वळून पाहू लागली तसा त्याने आवाज खाली आणला. “ऐक. पूर्वीची स्क्रिप्ट कशी होती ठाऊक आहे? पोतंभर ऑयस्टरचे शिंपले फोडायचेत आणि प्रत्येक ऑयस्टरला हा माणूस कपाटातून नवा सुरा काढतोय, फोडतोय, सुरा धुतोय, पुसतोय, कपाटात ठेवतोय. मी काय केलं? एक सुरा, अख्खं पोतं. आणि टेबलाशी एकाच्या जागी चार फोडणारे बसवले. बस. तेवढ्याने तासांचं काम मिनिटांवर आलं. आणखी घाई कुणाला हवी होती?”

“ही ओळ घातली की आणखी पळतं.”

“पळतं ना. मीही घातली होती, एक दिवस. मग चाचणी म्हणून स्वतःचं नाव शोधलं.” त्याने शर्टावरची शाळेची नावपट्टी बोटाने ठोकली. ‘सेमिसी’मधल्या पहिल्या स्वरावर रेघ होती. “लहान अक्षरांत सापडलो. मोठ्या अक्षरांत मी नव्हतोच! असे हसलो आम्ही त्या दिवशी चहाच्या खोलीत. म्हटलं, बघा रे, यंत्राने मला पुसून टाकलं. लगेच ओळ काढली. निम्म्या नावांवर रेघा आहेत या समुद्रात, बाई. मी ती ठेवीन?”

“चहाच्या खोलीत कोण कोण होतं?”

सेमिसीने सँडविच कागदात गुंडाळलं. त्याची भूक गेली होती.

“दोघंच,” तो म्हणाला. “डूगल आणि लोर्ना. दोघंही हसले होते.”

४

डूगलच. मोटार ब्लफकडे वळवताना मोरागच्या मनात दुसरं नाव नव्हतं. पहाटेची माणसं त्याने कमी केली, हाक हुकल्याचं कळलं असतं तर धंदा बसला असता त्याचा. लोर्नाच्या नकळत त्याने आधीच ओळ घालून ठेवली असेल. हाक आलेली फाईल पुसता येत नव्हती, दर तासाला सगळ्या फायलींची प्रत डनेडिन शहरात जायची. पुसता येत नसेल तर शोधणाऱ्याचे डोळे बांधायचे.

रिपेकाच्या घरी चूल पेटलेली होती. समोरच्या भिंतीवर होआनीचा फोटो, हातात भलामोठा कॉड, चेहऱ्यावर त्याहून मोठं हसू. लोर्ना आलेलीच होती. कोपऱ्यात बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बस,” रिपेका म्हणाली. “आणखी काय विचारायचं राहिलंय?”

“फक्त बघायला आले.”

“बघ. अशी दिसते बाई, जिच्या नवऱ्याने भाच्याला मारलं.” ती शांतपणे बोलत होती आणि तेच ऐकवत नव्हतं. “वाइमारी माझी नणंद, चार घरं सोडून राहते. अंत्यविधीत तिने माझ्याकडे पाठ केली. माराएत, आमच्या सभागृहात, सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्या भावाचा अहंकार माझ्या केपाला खाऊन गेला. मी काय उत्तर देणार? मलाही रात्रंदिवस तेच वाटतं. का नाही मारलीस रे हाक? एक झाकण उघडायचं होतं.”

ओठांवर आलेलं मोरागने गिळलं. अजून सांगायची वेळ नव्हती.

“असं नको गं बोलूस,” लोर्ना म्हणाली. तिच्या हातातला होआनीचा शर्ट तिने छातीशी धरला होता. “तो तसा नव्हता. थांब, चहा करते.”

ती स्वयंपाकघरात गेली. नळ उघडल्याचा आवाज आला, मग किटलीचं झाकण, मग बटण. किटली हळूहळू गुणगुणू लागली. लोर्नाने कप काढले, दूध काढलं, बिस्किटं ताटलीत मांडली. किटली अजून गुणगुणतच होती.

मोराग ऐकत होती.

सकाळी कार्यालयात, ती ओळ घालून तिने शोध घेतला होता तेव्हा किती वेळ लागला होता? तिने बटण दाबलं होतं आणि पेन उचलेपर्यंत उत्तर आलं होतं.

पेन उचलेपर्यंत. आणि इथे किटलीला अजून उकळी फुटत नव्हती.

“साखर?” दारातून लोर्नाने विचारलं.

“नको,” मोराग म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मोराग लोगन रेडिओत आली. गणवेशातला एक शिपाई बाहेर मोटारीत थांबला. डूगल टेबलाशी उभा होता, लोर्ना नेहमीच्या खुर्चीत.

“लोर्ना,” मोराग म्हणाली, “त्या संध्याकाळचा शोध पुन्हा घेशील? अगदी तसाच. तेच यंत्र, तीच स्क्रिप्ट, तू मला दिलेली. एकदा पाहिलेल्या फायली यंत्राच्या डोक्यात राहतात आणि दुसऱ्या खेपेला ते पळतं. म्हणून आल्या आल्या डूगलकडून ते बंद करून पुन्हा सुरू करून घेतलंय. त्या संध्याकाळइतकंच कोरं आहे ते.”

“कशाला हे सगळं?”

“नाव टाक आणि दाब. मग उठून चहा कर, तेव्हा केलास तसा.”

लोर्नाने नाव टाकलं, बटण दाबलं. टेबलाला हात टेकून उठली आणि किटलीकडे वळली.

“थांब,” मोराग म्हणाली. “मागे बघ.”

शोध संपला होता. पडद्यावर कागदातल्या त्याच सगळ्या ओळी होत्या आणि खाली यंत्र पुढच्या हुकमाची वाट पाहत लुकलुकत होतं. लोर्नाची खुर्ची अजून फिरायची थांबली नव्हती.

“चहा कधी केलास, लोर्ना?”

बाहेर सीगल ओरडत होते.

“डूगलला शोध चालू असतानाच चहा मिळाला,” मोराग म्हणाली. “फोनवरच्या माणसाला तो दोनदा थांब म्हणाला. म्हणजे त्या संध्याकाळी शोधाला वेळ लागला, किटली उकळून कप भरण्याइतका. सेमिसीच्या स्क्रिप्टला तेवढाच लागतो. मी काल ताडून पाहिलं. पण तू मला दिलेल्या स्क्रिप्टला श्वास घेण्याइतकाही लागत नाही, कारण तिच्या डोक्यावर एक ओळ जास्त आहे.”

“डूगलने घातली असेल,” लोर्ना पुटपुटली.

“ए!” डूगल ओरडला.

“मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याने आधीच घातली असती, तर तुला चहाला वेळ मिळाला नसता. नंतर कधी घातली असती, तर तू दिलेल्या कागदावर हाक असती. तू चहा केलास, म्हणजे तेव्हा ओळ नव्हती. ओळ नव्हती, म्हणजे शोधाने हाक काढून तुझ्यापुढे ठेवली. तू ती वाचलीस. मग चहाच्या खोलीत ऐकलेली ती ओळ घातलीस, पुन्हा बटण दाबलंस आणि दुसरा कागद डूगलला नेऊन दिलास. यात तिसऱ्या माणसाला शिरायला जागाच नाही, लोर्ना. मी पुष्कळ शोधली. मला हवी होती.”

डूगल सावकाश खाली बसला. “कुठली हाक?” तो म्हणाला. “मोराग, कुठली हाक?”

मोरागने कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला आणि तोंडावर हात ठेवला.

लोर्ना रडली नाही. ती सरळ भिंतीकडे पाहत बोलू लागली, जणू पाळीचा अहवाल देत होती.

“आई एकटी असते. पहाटे तिला उचलून संडासला न्यावं लागतं, बाई सात वाजता येते. मी रोज जायची. धावत जायची, धावत यायची. तेवढ्यात काय होतंय, म्हणायची. परत आले तेव्हा पडद्यावर हवामानाचे आणि इतर नावांचे निरोप भरले होते. ते काही मी मागे जाऊन वाचले नाहीत. संध्याकाळी…” ती थांबली. “कप घेऊन आले आणि पडद्यावर तो निरोप होता. मोठ्या अक्षरांत.”

“मग ओरडली का नाहीस?” डूगल किंचाळला. “मी फोनवर होतो! ती माणसं फोनवर होती!”

“कारण ते मेलेले होते!” आता तिचा आवाज फुटला. “पहाटेचा निरोप, डूगल! अख्खा दिवस गेला होता. जूनमधलं, ऐन हिवाळ्यातलं पाणी आपलं. त्यात माणूस किती टिकतो? आपण लहानपणापासून पाहतोय. मला वाटलं, गेलेत, दुपारपर्यंतच गेलेत. आता सांगून कोण परत येणार? रिपेकाला कळणार की मी… आईला कुठेतरी नेऊन टाकणार… ते गेलेच होते, मोराग. मी कुणाला मारलं नाही. मी फक्त… सांगितलं नाही.”

मोरागने पिशवीतून डॉक्टरांचा अहवाल काढला. आयुष्यात कितीतरी दारांत उभी राहून तिने वाईट बातम्या दिल्या होत्या. इतकी जड कुठलीच नव्हती.

“तराफा फाटला नव्हता, लोर्ना. वर छत होतं. ते दोघं पाण्यात पडलेच नाहीत. आतली पाण्याची पाकिटं फोडून प्यायलेली होती. केपाच्या पायाला होआनीने आपला कोट गुंडाळला होता.”

“नाही.”

“डॉक्टर म्हणतात, त्या संध्याकाळी दोघंही जिवंत होते. रात्रभर होते. होआनी तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता.”

लोर्नाच्या तोंडून एक आवाज निघाला. माणसाचा आवाज असा असू शकतो हे मोरागला त्या दिवशी कळलं. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून पुढेमागे झुलू लागली. “तेव्हा हेलिकॉप्टर…” ती म्हणत होती. “हेलिकॉप्टर तेव्हा वर होतं…”

“होतं,” मोराग म्हणाली. “पश्चिमेला.”

६

शिपाई लोर्नाला घेऊन गेला. डूगलने पहाटेच्या पाळीचं स्वतःहून सांगितलं, माणसं कोणी कमी केली तेही. कॉरोनरसमोर पुन्हा सांगीन म्हणाला. लोर्नाच्या आईकडे त्या दिवसापुरती कुणाला तरी पाठवायची व्यवस्था मोरागने केली. म्हातारी विचारत होती, माझी मुलगी अजून कशी आली नाही.

मग ती रिपेकाकडे गेली.

सांगताना तिने काही लपवलं नाही. लोर्नाचं नाव ऐकल्यावर रिपेका उठली, कोपऱ्यातल्या कपड्यांच्या घड्यांकडे गेली, सगळ्यांत वरचा शर्ट तिने उचलला आणि कुठे ठेवावा हे न कळून तशीच उभी राहिली.

“काल इथे होती,” ती म्हणाली. “काल तिने माझे केस विंचरले.”

“हो.”

“रोज यायची.”

मोरागने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

मग रिपेकाने विचारलं, “त्याने हाक मारली होती?”

“मारली होती. वेळेवर, नीट, जागा सांगून. इंजिन गेल्यागेल्या. अहंकार नाही, हट्ट नाही. जे करायला हवं ते सगळं केलं त्याने.”

“वाचून दाखव.”

मोरागने वाचलं. रिपेका डोळे मिटून ऐकत होती. ‘दोघंही ठीक’ आलं तशी तिने हात वर केला आणि मोराग थांबली.

“एवढं पुन्हा.”

“दोघंही ठीक.”

रिपेकाने शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला, खुंटीवरचा कोट काढला. एका बाहीत हात जाईना, मोरागने धरून दिला. “तो कागद दे,” ती म्हणाली. “आणि चल माझ्यासोबत. मला एकटीला दारापर्यंत जाववणार नाही.”

चार घरं सोडून वाइमारीचं घर. वारा समोरून होता, दोघी वाकून चालल्या. फाटकाशी रिपेकाचे पाय थांबले. मग तिने फाटक ढकललं. दार वाजवलं. आतून पावलं आली, दार बोटभर उघडलं. फटीतून एक सुकलेला, कठोर चेहरा दिसला. तो रिपेकाला पाहून आणखी कठोर झाला.

“तुला सांगितलं होतं ना, माझ्या दारात…”

“वाइमारी, ऐकून घे. मग हवं तर लाव दार.” रिपेकाने कागद दोन्ही हातांनी धरला, वाऱ्याने फडफडू नये म्हणून. तिला वाचता येईना, अक्षरं डोळ्यांत विरघळत होती. तिने पाठ झालं होतं तेवढंच म्हटलं. “त्याने हाक मारली होती. तुझ्या भावाने. आपल्या केपासाठी मारली होती. आपल्याला कुणी सांगितलं नाही.”

वाइमारी हलली नाही. तिची नजर रिपेकावरून मोरागकडे गेली. मोरागने मान डोलावली.

“तराफ्यात त्याने स्वतःचा कोट काढून केपाच्या पायांना गुंडाळला होता,” रिपेका म्हणाली आणि तिचा आवाज तिथेच संपला.

दारामागची साखळी काढायला वाइमारीला वेळ लागला; साखळी खाचेतून निघेना. अखेर निघाली. दार पूर्ण उघडलं. उंबऱ्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग वाइमारीने पुढे होऊन भावजयीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, माओरी रीतीने नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवलं आणि दोघी तशाच राहिल्या.

मोराग फाटकापर्यंत मागे गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.